अँटवर्प : हिऱ्यांच्या पेठेतील पाहुणा ताप

बेल्जियमच्या उत्तर भागात, स्खेल्डे नदीच्या उजव्या तीरावर अँटवर्प हे शहर वसले आहे. खुला समुद्र येथून बराच दूर आहे. तरीही नदीचे पात्र इतके खोल आणि रुंद की महासागरातली जहाजे थेट शहरापर्यंत येतात. याच सोयीमुळे सोळाव्या शतकात हे युरोपातील सर्वांत श्रीमंत बंदर ठरले होते. आजचा प्रवासी मात्र बहुधा आगगाडीने येतो आणि 1905 साली बांधून झालेल्या मध्यवर्ती स्थानकाच्या भव्य घुमटाखाली उतरतो. स्थानकाच्या एका अंगाला जुने प्राणिसंग्रहालय आहे आणि दुसऱ्या अंगाला पेलिकानस्ट्राट. या रस्त्यावर रेल्वेच्या कमानींखाली दागिन्यांची छोटी दुकाने ओळीने मांडलेली आहेत. तेथून दोन मिनिटे चालले की हॉव्हेनिअर्सस्ट्राट लागते. या नावाचा अर्थ माळ्यांची गल्ली. बागा केव्हाच गेल्या; आता तेथे पोलादी खांब रोवून वाहने अडवलेली आहेत, भिंतीभिंतींवर कॅमेरे आहेत आणि गल्लीत फ्लेमिश, यिद्दिश आणि गुजराती या तिन्ही भाषा एकाच वेळी कानावर पडतात.

1960च्या दशकापासून पालनपूर आणि काठियावाड येथील जैन कुटुंबे या गल्लीत येऊ लागली. जुन्या ज्यू व्यापाऱ्यांना ज्या बारीक कच्च्या मालात फारसा नफा दिसत नसे, तोच माल या मंडळींनी उचलला, सुरत आणि नवसारीच्या कारागिरांकडून घासून घेतला आणि परत अँटवर्पला आणून विकला. पुढच्या दोन पिढ्यांत या पेठेतील व्यवहाराचा मोठा हिस्सा भारतीयांच्या हाती आला. सौदा ठरला की हात मिळवून ‘माझल उ ब्राखा’ हे हिब्रू शब्द उच्चारायचे, म्हणजे दैव आणि आशीर्वाद. तोंडी सौदा पाळण्याची ही रीत गुजराती व्यापाऱ्यानेही जशीच्या तशी स्वीकारली. मुंबईच्या झवेरी बाजारात वाढलेल्या माणसाला ती परकी वाटण्याचे कारणही नव्हते. शहराच्या दक्षिणेस विलरेक या उपनगरात पांढऱ्या संगमरवराचे कोरीव जिनमंदिर उभे आहे. त्याचे दगड भारतात कोरले गेले आणि समुद्रमार्गे स्खेल्डेच्या तोंडातून आत आले.

या पेठेत बाहेरून येणारी हिऱ्यांची प्रत्येक पेटी प्रथम सरकारी देखरेखीखालच्या डायमंड ऑफिसात जाते. तेथे मोहोर तपासतात, पेटी उघडतात, माल तोलतात. जाणकार तज्ज्ञ भिंगाखाली पाहून किंमत रास्त आहे की नाही ते ठरवतात. कच्चा माल असेल तर 2003 पासून किम्बर्ली प्रक्रियेचे प्रमाणपत्र सोबत असावेच लागते. यादवी युद्धाला पैसा पुरवणारा हिरा पेठेत शिरू नये, हा त्यामागचा उद्देश आहे. दगड कोठून निघाला, कोणत्या देशाने पाठवला, वजन किती, हे सारे कागदावर असते. इतकी कडेकोट तपासणी जगातील फारच थोड्या मालाची होत असेल. मात्र तोच माल खरेदी करून आणणाऱ्या माणसाच्या रक्तातून काय आले आहे, हे विचारणारी खिडकी कोणत्याही विमानतळावर नाही, आणि ती असावी असेही कोणी म्हणणार नाही. हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःच विचारायचा असतो. तो विचारला जात नाही म्हणून आफ्रिकेतला हिवताप दरवर्षी बेल्जियममध्ये उतरतो.

वास्तविक हा ताप या भूमीला मुळीच नवा नाही. स्खेल्डेच्या मुखाकडील सखल जमीन समुद्राला बांध घालून मिळवलेली आहे. तिला पोल्डर म्हणतात. तेथील मचूळ पाण्यात अॅनोफिलीस जातीचा एक डास वाढत असे आणि हिवाळ्यात गोठ्यांच्या आणि घरांच्या उबेला राहत असे. त्याच्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी ‘पोल्डरताप’ भोगत आले. हा ताप बहुतेक वेळा मारून टाकत नसे, पण माणसाला कामातून उठवत असे.

या तापाचा सर्वांत मोठा हिशेब 1809 साली झाला. नेपोलियनने अँटवर्प येथे गोद्या आणि आरमार उभारले होते. ते नष्ट करण्यासाठी इंग्लंडने लॉर्ड चॅटम याच्या हाताखाली सुमारे 40,000 सैनिक आणि शेकडो जहाजे पाठवली. जुलैच्या अखेरीस हे सैन्य स्खेल्डेच्या मुखावरील वाल्खेरेन बेटावर उतरले. ऑगस्टमध्ये ताप सुरू झाला. अँटवर्पपर्यंत हे सैन्य पोहोचलेच नाही. वर्ष संपण्यापूर्वी मोहीम गुंडाळावी लागली, तेव्हा सुमारे 4,000 सैनिक रोगाने मेलेले होते. प्रत्यक्ष लढाईत मेले ते 106. त्या साथीत हिवतापाबरोबर विषमज्वर आणि इतर आजारही मिसळले होते, असे इतिहासकार मानतात. पण खरी मेख पुढे आहे. जे वाचले आणि बरे झाले म्हणून गणले गेले, ते पुढे स्पेनच्या मोहिमेवर गेले आणि महिन्यामहिन्यांनी पुन्हापुन्हा आजारी पडत राहिले. अखेर वाल्खेरेनला जाऊन आलेल्या तुकड्या आपल्याकडे पाठवू नयेत, असे वेलिंग्टनला कळवावे लागले. ज्या शहरावर चालून आलेले सैन्य तापाने परतवले, त्याच शहरात पुढे तापावर संशोधन करणारी मोठी संस्था उभी राहिली, हा इतिहासाचा योगायोग फार कमी प्रवाशांना ठाऊक असतो.

पोल्डरताप गेला तो एखाद्या औषधामुळे नव्हे. जमिनीचा निचरा सुधारला, गोठे राहत्या घरांपासून वेगळे झाले, पक्की घरे आली आणि क्विनीन स्वस्त झाले. डास गुरांवर राहिला आणि माणसापासून दूर गेला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेल्जियममधील स्थानिक हिवताप संपला. तो डास मात्र संपलेला नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

स्थानिक ताप ओसरत असतानाच दुसरा ताप जहाजातून येऊ लागला होता. काँगो ही प्रथम राजा दुसरा लिओपोल्ड याची खाजगी जहागीर आणि 1908 पासून बेल्जियमची वसाहत. तिच्याशी होणारी सारी ये-जा अँटवर्पच्या बंदरातून चाले. याच बंदरात एका जहाज कंपनीचा मोरेल नावाचा इंग्रज कारकून मालाच्या नोंदी तपासत होता. त्याच्या लक्षात आले की काँगोहून येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंताने भरलेली असतात, परंतु जाताना त्यांत बंदुका आणि काडतुसांवाचून विशेष काही नसते. मोबदला जात नाही आणि माल मात्र येतो. याचा अर्थ तेथे व्यापार नाही, वेठबिगार आहे. केवळ खतावणीची दोन पाने शेजारी ठेवून इतका मोठा अन्याय उघडा पाडल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल. वहीखाते जाणणाऱ्या समाजाने हा कारकून विसरू नये असा आहे.

काँगोला जाणारे बेल्जियन अधिकारी, पाद्री आणि अभियंते हिवताप आणि निद्रारोग यांनी पटापट मरत. म्हणून 1906 साली ब्रुसेल्स येथे उष्ण कटिबंधातील रोगांची शाळा निघाली. 1930च्या दशकात ती अँटवर्पच्या नॅशनालेस्ट्राटवर स्वतःच्या देखण्या इमारतीत आली. हिऱ्यांच्या पेठेपासून पायी अर्धा तास पुरे. आज तिला ‘इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’ म्हणतात. काँगो 1960 साली स्वतंत्र झाला, तरी संस्थेचे आफ्रिकेशी असलेले नाते तुटले नाही. 1976 साली किन्शासाहून आलेल्या एका प्रवाशाच्या हातसामानात एक साधा थर्मास होता. त्यात एका बेल्जियन जोगिणीच्या रक्ताच्या नळ्या होत्या. बर्फ वितळलेला आणि एक नळी फुटलेली. संस्थेतील सत्तावीस वर्षांच्या पीटर पिओट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातमोज्यांपलीकडे फारसे संरक्षण न घेता तो उघडला. त्या रक्तात जो विषाणू निघाला तो पुढे इबोला म्हणून जगाला माहीत झाला. जी संस्था असल्या गोष्टी हाताळते तिच्या दृष्टीने हिवताप म्हणजे नित्याचा ग्राहक. देशात इतरत्र निदानाची शंका आली की रक्ताची काच याच संस्थेच्या प्रयोगशाळेकडे येते. तिच्याच आवारात प्रवासाला निघणाऱ्यांसाठी सल्लाकेंद्र आहे.

बेल्जियममध्ये दरवर्षी काही शे लोकांना हिवताप होतो, आणि जवळजवळ सर्वांना तो परदेशात डास चावून झालेला असतो. त्यांतील बहुसंख्य सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतून परतलेले असतात. ब्रुसेल्सहून किन्शासा, लुआंडा आणि फ्रीटाऊन येथे विमाने जातात. ही काँगो, अंगोला आणि सिएरा लिओन यांची राजधानीची शहरे, आणि हे तिन्ही देश हिऱ्यांचे. हिवतापाच्या रुग्णसंख्येत नायजेरियाच्या खालोखाल जगात काँगोचा क्रमांक लागतो. येथला बराचसा हिरा खोल खाणीतला नसून नदीच्या गाळातला आहे. म्बुजी-मायी, त्शिकापा किंवा कोनो या भागांत माणसे हाताने खड्डे खणतात, गाळ चाळतात आणि हाती काही लागले नाही की खड्डा तसाच सोडून पुढे सरकतात. पावसाने तो भरतो. उन्हात उघडे, उथळ, साचलेले पाणी हे आफ्रिकेतील मुख्य डासाचे, अॅनोफिलीस गॅम्बीचे, आवडते जन्मस्थान. हिरा आणि डास तेथे एकाच खड्ड्यातून निघतात.

या गावांत आणि राजधान्यांत खरेदीच्या गाद्या असतात. तेथे भारतातून आणि अँटवर्पहून तरुण मुले वर्ष-दोन वर्षे राहतात किंवा महिन्यातून एखादी फेरी मारतात. बहुतेकांना आपण हिवताप ओळखतो असे वाटते. लहानपणी मुंबईत किंवा सुरतेत तो येऊन गेलेला असतो. हुडहुडी भरून ताप चढला, घाम येऊन उतरला, एक दिवसाआड पुन्हा आला, डॉक्टरांनी क्लोरोक्विन दिले आणि आठवड्यात मनुष्य दुकानावर बसला, ही आठवण घराघरांत आहे. ही ओळखच घात करते.

भारतात ज्याला सामान्यपणे मलेरिया म्हणतात तो बहुधा व्हायव्हॅक्स जातीच्या परजीवीचा असतो. आफ्रिकेत वर्चस्व आहे ते फॅल्सिपेरमचे. तो भारतातही आढळतो आणि मारतो. परंतु आफ्रिकेतला प्रवासी त्याच्याच राज्यात उतरतो. या परजीवीने ग्रासलेल्या तांबड्या पेशी मेंदूच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटतात आणि त्या तुंबवतात. एका ग्रासलेल्या पेशीतून दोन दिवसांत सोळा किंवा त्याहून अधिक नवे परजीवी बाहेर पडतात, आणि त्यांतले यशस्वी पुन्हा नव्या पेशीत शिरतात. व्यापारी मनुष्याला चक्रवाढ समजावून सांगावी लागत नाही. क्लोरोक्विनला आफ्रिकेतला फॅल्सिपेरम केव्हाच दाद देईनासा झाला आहे. म्हणून गावाहून पाठवलेली ती जुनी गोळ्यांची पट्टी तेथे निरुपयोगी, किंबहुना घातक आहे, कारण ती घेतल्यावर मनुष्य निर्धास्त होतो. लहानपणच्या आजाराने आलेली प्रतिकारशक्ती पुन्हापुन्हा चावे बसत राहिले तरच टिकते. युरोपात काही वर्षे राहिलेल्या माणसात तिचा फारसा अंश उरत नाही.

समजा, असा एक तरुण त्शिकापाहून अँटवर्पला परतला. पहिल्या आठवड्यात त्याला काही होत नाही. डासाने सोडलेले परजीवी आधी यकृतात वाढतात आणि त्यानंतरच रक्तात उतरतात. त्याला किमान सात दिवस लागतात. बहुतेकांना परतल्यापासून महिन्याच्या आत, क्वचित तीन महिन्यांपर्यंत ताप येतो. दहाव्या दिवशी त्याचे अंग दुखते, डोके जड होते, थोडा ताप येतो. तो एक दिवसाआड येत नाही. सुरुवातीला या तापाला काही वेळापत्रकच नसते. बाहेर नोव्हेंबरचा पाऊस, कार्यालयातल्या निम्म्या लोकांना सर्दी. तो पॅरासिटॅमॉल घेतो. दुसऱ्या दिवशी उलटी होते. घरचे म्हणतात, बाहेरचे काहीतरी बाधले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर पाहतात. एखाद्या तरुण फ्लेमिश डॉक्टरने आयुष्यात हिवतापाचा रुग्ण पाहिलेलाच नसतो, आणि समोरच्या माणसाचे नाव, वर्ण आणि पत्ता पाहून तो त्याला अँटवर्पचाच रहिवासी समजतो. तो आहेच. चौथ्या किंवा पाचव्या दिवशी तरुण असंबद्ध बोलू लागतो, लघवी काळपट होते आणि मग रुग्णवाहिका येते.

या संपूर्ण साखळीत ज्या एका वाक्याने काम झाले असते ते रुग्णाने स्वतःहून म्हणायचे होते : ‘मी दहा दिवसांपूर्वी काँगोहून आलो आहे.’ हे वाक्य ऐकल्यावर कोणताही युरोपीय डॉक्टर त्याच दिवशी रक्ताची काच पाहतो. एक काच स्वच्छ निघाली म्हणजे हिवताप नाही, असेही नव्हे. बारा ते चोवीस तासांनी ती पुन्हा पाहावी लागते, शंका राहिल्यास तिसऱ्यांदा. निदान लवकर झाले तर चिनी वनस्पतीपासून निघालेल्या आर्टेमिसिनिन गटातील गोळ्यांनी तीन दिवसांत काम होते. या औषधाच्या शोधासाठी तू यूयू यांना 2015 साली नोबेल मिळाले. उशीर झाला तर तेच औषध शिरेतून, अतिदक्षता विभागात द्यावे लागते. व्यापारी माणूस हे वाक्य का गिळतो, याची कारणे वैद्यकीय नसतात. खरेदी कोठे चालली आहे हे पेठेत कळू नये, ही त्यांतली एक वृत्ती. विमा काढताना आफ्रिकेची फेरी सांगितलेली नसते, हेही एक. उरलेल्यांना वाटते, एवढ्याशा तापाला काय घाबरायचे. पेठेतल्या गुपिताची किंमत रफच्या एखाद्या पुडीएवढी धरली, तरी तिच्यापुढे पलीकडच्या पारड्यातला जीव जड आहे हे मान्य व्हावे.

प्रतिबंधाच्या गोळ्यांबाबत जैन प्रवाशाचे काही प्रश्न इतरांहून वेगळे आहेत, आणि सल्लाकेंद्रातील डॉक्टरला ते सांगितल्याशिवाय कळणार नाहीत. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज घ्यायची आणि परतल्यावर सात दिवस चालू ठेवायची असते. ती अन्नाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यावी लागते. पोटात स्निग्ध पदार्थ नसेल तर अंगात नीट शोषली जात नाही. चैत्र-आश्विनातील ओळीत आयंबिल करणाऱ्याचे अन्न तूप, तेल, दूध यांवाचूनचे असते, आणि उपवासात तर तेही नाही. आयंबिल चालू असताना काँगोला जाणे आणि गोळी वरवर घेत राहणे म्हणजे ती न घेण्यासारखेच. डॉक्सिसायक्लिन हे औषध पुष्कळदा जिलेटिनच्या कवचात मिळते. गोळीच्या रूपातही मिळते, पण ती मागून घ्यावी लागते. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवे व्हायचे नसते, म्हणून चौविहार पाळणाऱ्याने ती सकाळी घेणे सोयीचे. हिचा क्रम परतल्यावर चार आठवडे चालतो, आणि नेमके येथेच लोक सोडून देतात. घरी आल्यावर डास नाहीत, मग गोळी कशाला, असे त्यांना वाटते. डास मागे राहिलेले असतात, परजीवी बरोबर आलेले असतात. उपवास कोणते, औषधे कोणती, हे स्पष्ट सांगून डॉक्टरच्या सल्ल्यानेच गोळी ठरवावी. शेजाऱ्याची उरलेली पट्टी खिशात घालू नये.

डासाच्या बाबतीत धर्माचा प्रश्नही येतो आणि तो टाळण्याचे कारण नाही. डास हा चतुरिंद्रिय जीव. तत्त्वार्थसूत्रात मुनींनी सहन करावयाचे जे बावीस परीषह सांगितले आहेत, त्यांत दंशमशक परीषह आहे. चावणाऱ्या डासाला मुनी हाकलतही नाही. पण श्रावकाच्या वाट्याला मुनीचा आचार दिलेला नाही. त्याला संकल्पी हिंसा वर्ज्य आहे. संसारात आणि उद्योगात अटळपणे घडणाऱ्या हिंसेचा विचार शास्त्राने वेगळा केला आहे. तरीही जितके टाळता येईल तितके टाळावे, ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि सुदैवाने वैद्यकशास्त्राची पहिली सूचना तिच्या विरुद्ध जात नाही. साधी मच्छरदाणी कोणाला मारत नाही. ती फक्त मध्ये उभी राहते. कीटकनाशकात भिजवलेली मच्छरदाणी अधिक प्रभावी असते, परंतु ती मारते. निवड ज्याची त्याने करावी. अंगाला लावायचा डास दूर ठेवणारा लेप, पूर्ण बाह्यांचे कपडे, खिडक्यांना जाळ्या, यांत हिंसा नाही. घराभोवती पाणी साचू न देणे, हे तर पाणी गाळून आणि झाकून ठेवणाऱ्या घरात शिकवावे लागू नये. जो जीव जन्मलाच नाही त्याला मारण्याचा प्रसंग येत नाही. अॅनोफिलीसची मादी सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत चावते. म्हणजे चौविहार करणारा जेव्हा ताट बाजूला सारतो, तेव्हा तिची जेवणाची वेळ सुरू होते. निदान ती वेळ जैन प्रवाशाला लक्षात ठेवणे सोपे आहे.

आता प्रश्न राहतो तो या पाहुण्या तापाच्या घर करण्याचा. बेल्जियममध्ये अॅनोफिलीस आहे, रक्तात परजीवी घेऊन येणारी माणसेही आहेत. तरीही ताप पसरत नाही. डासाच्या पोटात फॅल्सिपेरम पक्व व्हायला दीर्घकाळ सुमारे 18 अंशांच्या वर तापमान लागते, आणि तेथल्या उन्हाळ्यात तेवढे सलग दिवस क्वचित मिळतात. आफ्रिकेतला परजीवी युरोपातल्या डासाला सहसा मानवतही नाही. सर्वांत मोठे कारण म्हणजे रुग्ण लवकर बरा केला जातो, त्यामुळे डासाला घेण्यासारखे रक्त उरत नाही. ग्रीसमध्ये आर्थिक संकटाच्या काळात, 2011 साली, लाकोनिया भागातील शेतांत हीच व्यवस्था ढिली पडली, आणि बाहेरून आलेल्या व्हायव्हॅक्सने स्थानिक लोकांनाही गाठले.

कधी माणसाऐवजी डासच प्रवास करतो. आफ्रिकेतून आलेल्या विमानात किंवा सामानात बसून तो उतरतो, आणि उन्हाळा असेल तर काही दिवस जगतो. 1995च्या उन्हाळ्यात ब्रुसेल्स विमानतळाच्या संबंधाने सहा जणांना असा ताप झाला. 2020 साली विमानतळाजवळच्या एका गावातील पतीपत्नी हिवतापाने मरण पावली. नजीकच्या काळात त्यांनी कोणताही परदेश प्रवास केलेला नव्हता. ज्याने काँगो पाहिला नाही त्याच्यापुढे हिवतापाची शंका डॉक्टरला तरी कशी यावी?

डासांची ही आयात-निर्यात एकाच दिशेने चालत नाही. मुंबईच्या गच्चीवरच्या टाक्यांत आणि बांधकामांवरच्या हौदांत वाढणारा अॅनोफिलीस स्टिफेन्साय हा शहरी डास 2012 साली आफ्रिकेच्या जिबूती बंदरात सापडला आणि तेथून इथिओपियात शिरला. आफ्रिकेचे डास खेड्यातले. शहरे त्यामानाने सुरक्षित होती. आता दक्षिण आशियातून गेलेला हा डास ती सुरक्षितता मोडू पाहत आहे.

मुंबईहून अँटवर्पला जाणारा ताप मात्र वेगळ्या स्वभावाचा असतो. पावसाळ्यात, पर्युषणासाठी किंवा लग्नकार्यासाठी, कुटुंब देशी येते. मालाड किंवा घाटकोपरच्या एखाद्या रात्री डास चावतो. व्हायव्हॅक्स यकृतात जातो आणि त्यातले काही परजीवी तेथेच निद्रिस्त राहतात. दिवाळी होते, कुटुंब परत जाते. फेब्रुवारीत, विलरेकच्या रस्त्यांवर बर्फ असताना, मुलाला हुडहुडी भरते. डॉक्टर विचारतात, अलीकडे कोठे प्रवास केला का, आणि आई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. तिच्या हिशेबी ऑक्टोबर म्हणजे अलीकडे नव्हे. वाल्खेरेनचे सैनिक स्पेनमध्ये पुन्हापुन्हा पडत ते बहुधा याच कारणाने. रक्तातला परजीवी औषधाने दोन-तीन दिवसांत जातो. यकृतात झोपलेल्यासाठी प्रायमाक्विन हे दुसरे औषध लागते, आणि ते देण्यापूर्वी जी-६-पीडी या द्रव्याची रक्ततपासणी आवश्यक असते. ज्यांच्या शरीरात ते कमी असते त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात, आणि भारतातील काही समाजांत ही उणीव आनुवंशिक आहे. तपासणी ठीक निघाली तर गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या असतात. ताप तिसऱ्याच दिवशी उतरलेला असतो.